शकूताईंनी सोडवलेलं शहर

प्रमोदचा फोन आला तेव्हा मी बीडच्या मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. आजूबाजूला इतका गलका होता की त्याचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "काय म्हणालास?" असं मी विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, तेही अर्धवटच कळलं, आणि मग त्याच्या आवाजावरूनच समजलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. "आई गेली, मावशी. सकाळी चहा पिऊन बसलती, तशीच..." मेथीवाली पिशवीसाठी हात पुढं करून माझ्याकडं बघत होती. मी जुडी परत तिच्या ढिगावर ठेवली आणि तशीच बसस्टँडकडं चालू लागले.

त्याला आता महिना होऊन गेला. शकुंतला गोरे, प्रमोदची आई, हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. माजलगावच्या मोंढ्याजवळ ज्यांनी पूर्वी कधी पिवळ्या बूथमधून फोन लावला असेल, त्यांना काचेपलीकडची जाड चष्म्याची एक उंच बाई आठवत असेल कदाचित. मला आठवतात त्या त्याच्याही आधीच्या, साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवरच्या शकूताई. आणि त्या आठवल्या की त्यांच्या मागोमाग एक शहर आठवतं. ते जगाच्या नकाशावर कुठंच नाही, पण त्याच्या गल्ल्या मला आजही डोळे मिटून सांगता येतील.

मी कॉम्प्युटरचा कोर्स करून कारखान्यात लागले त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. धरण तळाला गेलं, कालवे कोरडे पडले, आणि जो काही ऊस जगला तो छावण्यांतल्या जनावरांपुढं पडला. कोयते घेऊन निघालेल्या टोळ्या आमच्या गेटावरून पुढं कोल्हापूर-कर्नाटकाकडं निघून गेल्या. कारखान्याचा भोंगा त्या हंगामात वाजलाच नाही. मिलमधले, बॉयलरवरचे कामगार "बोलावू तेव्हा या" असं ऐकून घरी गेले. शकूताईंचे यजमान, ज्यांना सगळी कॉलनी नाना म्हणायची, मिलमध्ये फिटर होते. ते कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात हंगामापुरते कामाला गेले. ऑफिसात उरलो आम्ही मोजकी माणसं. सभासदांचे फोन येतच राहायचे म्हणून बोर्डवर शकूताई लागायच्या, आणि जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या राहिल्या होत्या म्हणून मी.

शकूताईंनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. कानाला सतत हेडफोन असल्यामुळं त्यांचे एका बाजूचे केस कायम दबलेले असायचे. त्यांना दोन आवाज होते. बोर्डवरचा आवाज रेडिओवरच्या बाईसारखा, "नमस्कार, कृपया थांबा, जोडून देते." आणि वायर काढून ठेवली की दुसरा, "विजे, कावून तोंड पाडून बसलीस? जेवली न्हाईस काय?" कॉम्प्युटर तापू नये म्हणून माझ्या खोलीला एसी होता; माणसांना नव्हता. त्यामुळं दुपार झाली की शकूताई बोर्डाच्या खोलीचं दार उघडं ठेवून माझ्याकडं येऊन बसायच्या. घंटा वाजली की पळत जायच्या, जोडून द्यायच्या आणि परत यायच्या.

तो खेळ माझ्याकडं कसा आला ते सांगायला हवं. वजनकाट्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला पुण्याहून एक इंजिनीअर आला होता. काटा बंदच होता, त्यामुळं त्याचं काम तासाभरात उरकलं. एसटीला वेळ होता म्हणून त्याने खिशातली सीडी लावून मशीनमध्ये एक खेळ टाकला, थोडा वेळ खेळला आणि तसाच ठेवून गेला. एक परदेशी शहर, मधून नदी, नदीवर पूल. एका बाजूला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या बाजूला टेकडी. सगळं शहर शत्रूच्या ताब्यात, आणि आपण थोड्याशा शिपायांनिशी बाहेर उभे. शहर सोडवायचं. पण धडाधड गोळ्या झाडायच्या नाहीत. आधी आपली पाळी, मग शत्रूची. आपल्या पाळीत प्रत्येक शिपायाला ठरावीक घरं हलवता यायचं, तेवढं झालं की हात बांधून बसायचं आणि राखाडी कपड्यांतला शत्रू काय करतो ते बघायचं.

शकूताईंना हेच भलतं आवडलं. "हे बरं हाय गं. त्याची पाळी होईस्तवर आपण चहा पिऊ शकतो. खऱ्या भांडणात कुणी अशी वाट बघतं व्हय?" सगळा मजकूर इंग्रजीत होता, तो मी वाचून सांगायची. त्या शहराचं नाव आम्हा दोघींनाही धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'शहर' म्हणायचो. मी पहिल्यांदा खेळले ते कुणीही तरणं माणूस खेळेल तसं. आपल्याकडं दोन तोफा होत्या. मी स्टेशनाकडच्या मोहल्ल्यावर त्या डागल्या, धूर निघाला, झेंडा बदलला. मी खुशीत मागं वळले तर ताई अजून पडद्याकडंच बघत होत्या. "त्या घरांत कोण ऱ्हात होतं?" त्यांनी विचारलं.

"लोक. शहरातले."

"म्हंजे ज्यांना सोडवायला आलोत तेच ना?"

मी म्हटलं, ताई, खेळ आहे. पण खेळ बनवणाऱ्यानंही तो विचार केलेला होता. घरं पडली की शहरातली माणसं आपल्यावर उलटायची, वाट दाखवायची नाहीत, शिपायांना भाकरी द्यायची नाहीत. माझं सैन्य नदीपर्यंत पोचायच्या आतच उपाशी संपलं. ताईंनी खुर्ची पुढं ओढली. "पुन्हा पहिल्यापासून मांड. आणि त्या तोफा तिथंच ऱ्हाऊ दे."

तिथून आमचा खरा खेळ सुरू झाला. मी माऊस धरायचा आणि त्यांनी सांगायचं. त्यांचं खेळणं काही फार हुशारीचं होतं असं नाही. आम्ही कितीदा तरी हरलो, आणि बहुतेक वेळा त्यांच्या एकाच हट्टामुळं. जखमी शिपाई मागं सोडायचा नाही! एकदा पुलाच्या तोंडाशी आमचा एक शिपाई पडला. त्याला आणायला दुसरा पाठवला, तोही पडला. त्या दोघांना आणायला तिसरा. स्टेशन हातचं गेलं. मी चिडून म्हणाले, "अहो ताई, ही खरी माणसं नाहीत. हा खेळ आहे, खेळ!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला काय ते कळत न्हाई व्हय? खेळ हाय म्हणूनच तर करायला मिळतंय."

त्या वेळी मला त्या वाक्यातलं फारसं कळलं नव्हतं. दर रविवारी सकाळी नानांचा फोन बोर्डवर यायचा. त्या दिवशी ऑफिस बंद असायचं, पण बोर्ड चालू ठेवावा लागायचा. ताई त्यांच्याशी दोन शब्द बोलायच्या, जेवण नीट मिळतंय का विचारायच्या आणि "लाइन मोकळी पायजे" म्हणून फोन ठेवायच्या. ठेवल्यावर थोडा वेळ हात तसाच वायरवर असायचा. कॉलनीत किती घरांतली माणसं अशी बाहेर गेली होती. कुणी कारखान्यावर, कुणी पुण्यात वॉचमन म्हणून, कुणी नुसतेच "बघतो" म्हणून. त्यांना कुणालाच परत बोलावणं ताईंच्या हातात नव्हतं.

उन्हाळा चढला तसा पाण्याचा प्रश्न आला. कॉलनीच्या मागं कारखान्याची एक जुनी विहीर होती. बाकी सगळीकडं खडखडाट असताना तिला मात्र पाणी होतं, आणि त्यावर आमची सगळी घरं आणि शेजारची वस्ती जगत होती. एक दिवस नळाला गढूळ पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आलंच नाही. ताईंनी विहिरीवर जाऊन बघितलं तर ओल्या मातीत टँकरच्या चाकांचे खोल माग. कुणीतरी भल्या पहाटे येऊन पाणी उपसून नेत होतं. कुणाचा टँकर, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. कारखान्याच्या एका संचालकाची गेवराईच्या रस्त्याला मोसंबीची बाग होती, आणि ती वाळत होती.

आता इथं मला शकूताईंबद्दल जे सांगायचंय ते असं. कारखान्यातला प्रत्येक फोन त्यांच्या हातून जायचा. टँकर कधी निघणार, कोण पाठवणार, हे त्यांच्या कानावरून गेलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. कॉलनीतल्या बाया त्यांच्या घरी जमल्या आणि तेच म्हणाल्या. "शकू, तुला ठावं असंल. सांग की, उद्या कवा येनार हाय?" ताई म्हणाल्या, "बोर्डवर ऐकलेलं बोर्डवरच ऱ्हातं. ते मी नानांना सांगत न्हाई, तुमाला कसं सांगू?" बाया रागावल्या. एकजण तर तोंडावर म्हणाली की ही साहेबांच्या बाजूची आहे. ताईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टँकर कवा येतो ते कशाला पायजे? आपण विहिरीवरच बसू. पाळी लावून."

आणि खरोखर पाळ्या लागल्या. सकाळी अमुक घरच्या, दुपारी तमुक घरच्या. कुणी निवडायला गहू घेऊन यायची, कुणी गोधडी शिवायला. ताई ऑफिस सुटलं की जायच्या ते पहाटे घरी यायच्या. कुणीतरी सुचवलं, टँकरच्या चाकांची हवा सोडा. मलाही ते पटलं होतं. ताईंनी साफ नाही म्हटलं. "तो डायवर नांदूरघाटाकडचा हाय. घरी त्याचीबी लेकरं हाईत. हवा आपण सोडणार आणि शिव्या तो खाणार."

टँकर आला तेव्हा मी तिथं होते. उजाडायला लागलं होतं. मागोमाग जीपमधून संचालकांचा पुतण्या उतरला आणि त्याने मोटारीच्या पेटीची किल्ली मागितली. पाळ्या लागल्यापासून ती ताईंच्या कमरेला होती. "कारखान्याच्या नोकरीत हाईस आणि कारखान्याच्या मालकाला अडवतीस?" तो म्हणाला. ताईंनी पदर खोचला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही आवाज एकत्र ऐकले. अगदी बोर्डवरच्या सुरात त्या म्हणाल्या, "मालक सभासद आहेत, दादा. संचालक त्यांनी निवडलेले." आणि लगेच घरच्या आवाजात, "कुठल्याबी गावाच्या प्यायच्या पाण्याला टँकर आणा, माझ्या हातानं मोटर चालू करते. मोसंबीला न्हाई म्हणजे न्हाई." ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं, ते तसंच ठेवून तो हसला. पुतण्या बराच वेळ बोलत राहिला. बाया गहू निवडत राहिल्या. शेवटी टँकर रिकामाच फिरला, आणि पुन्हा आला नाही.

त्याची किंमत ताईंनी दिली. चार दिवस गेले आणि त्यांना "बोर्डची गरज उरली नाही" असं सांगून घरी बसवण्यात आलं. गेटवरच्या वॉचमनला त्यांना आत सोडू नको म्हणून ताकीद होती. बिचारा मान खाली घालून उभा होता. ताईंनीच त्याची समजूत काढली. मला वाटलं होतं, त्या खचतील. संध्याकाळी घाबरतच त्यांच्याकडं गेले. त्या भाकरी थापत होत्या. मला बघून त्यांनी सगळ्यांत आधी काय विचारावं? "आपला मुक्काम कुठं पडलाय? नदीच्या अल्याड का पल्याड?"

मग त्या उन्हाळ्यातली माझ्या सगळ्यांत आवडीची गोष्ट घडली. ताईंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर शहर मांडलं. पोलपाट म्हणजे स्टेशन, उपडी परात म्हणजे टेकडी, आणि निळ्या काठाची जुनी साडी चुणून घातली ती नदी. तिच्यावर दोन उलथनी आडवी ठेवली, ते पूल. शेंगदाणे आपले शिपाई, चिंचोके शत्रूचे. मी रोज संध्याकाळी जायची आणि दिवसभरात शत्रूनं काय केलं ते सांगायची. ताई चिंचोके हलवायच्या, विचार करायच्या, मग एकेक शेंगदाणा पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "उद्या एवढंच कर. जास्त न्हाई." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात तेवढंच करायची. आमच्या दोघींची मिळून दिवसाला एक पाळी. प्रमोद तेव्हा अकरावीत होता, तो अभ्यास सोडून येऊन बघायचा आणि शेंगदाणे खायचा. "अरे, सैन्य खाऊ नको माझं!" म्हणून ताई त्याच्या हातावर चापट मारायच्या.

फरशीवर डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला होता, आणि या खेपेला त्यांनी सगळ्यांत आधी टेकडीवरचं पाण्याचं ठाणं घेतलं. त्यामुळं लढाईत काही फायदा होईल असं मला वाटत नव्हतं, आणि पहिल्या काही पाळ्यांत झालाही नाही. उलट आमची डावी बाजू उघडी पडली आणि दोन शिपाई गेले. ताईंनी ते दोन शेंगदाणे उचलून देवळीत ठेवले, सैन्यात परत मिसळले नाहीत. पण नंतर हळूहळू नदीकाठच्या मोहल्ल्यांतले लोक दारं उघडू लागले. कुणी बोळ दाखवू लागलं, कुणी पोटमाळ्यावर लपवू लागलं. शत्रू स्टेशनाजवळ गोळा झाला, मग स्टेशनामागं, आणि एका दुपारी मी ताईंनी सांगितलेली शेवटची चाल केली तेव्हा पडदा क्षणभर काळा झाला. मला वाटलं, वीज गेली. मग चित्र आलं. चौक माणसांनी भरलेला, सज्ज्यांमधून रुमाल हलवणाऱ्या बाया, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, शहर मुक्त झालं आहे.

मी ऑफिस तसंच टाकून उन्हात कॉलनीपर्यंत धावत गेले. "ताई, सुटलं! सुटलं शहर!" त्या दारात गोधडी वाळत घालत होत्या. त्यांनी गोधडी सोडून दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग मला आत नेऊन बसवलं आणि सगळं सविस्तर विचारलं. चौकात कोण कोण होतं? बाया होत्या का? म्हातारी माणसं? आपली पोरं कुठं उभी होती? मी सांगत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आता त्यांना घरी जाऊ दे म्हणावं." आणि पदरानं डोळे पुसले. कामावरून काढलं त्या दिवशी रडल्या नव्हत्या, त्या शहर सुटलं तेव्हा रडल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. पुढच्या वर्षी पाऊस झाला, नंतर कारखाना चालू झाला तो दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर. जुन्यांपैकी काहींना घेतलं, ताईंना घेतलं नाही. नाना परतले आणि दोघांनी माजलगावला खोली करून मोंढ्याजवळ टेलिफोन बूथ टाकला. ताई पुन्हा फोन जोडून द्यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी रांग लागायची. तोडीला गेलेल्या लेकीजावयांना फोन लावायला म्हाताऱ्या यायच्या. त्यांना नंबर फिरवता यायचा नाही, ताई फिरवून द्यायच्या आणि बोलणं सुरू झालं की उठून बाहेर उभ्या राहायच्या, उन्हात. "काचेतून ऐकू येतं गं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मोबाइल आले आणि बूथ गेला. मी लग्न होऊन बीडला आले, पण वर्षातून एकदोनदा तरी जाणं व्हायचं.

गेल्या दिवाळीत शेवटची गेले होते. माझ्या लेकानं मला फोनवर तसलाच एक खेळ टाकून दिला होता. चित्रं इतकी सुंदर की नदीचं पाणी खरंच हलतं. मी हौसेनं त्यांच्यापुढं धरला. "ताई, बघा तरी. तुम्ही आपलं शहर सुटल्यावर पाहिलंच नाही कधी." त्यांनी चष्मा वर करून पाहिल्यासारखं केलं, आणि फोन हळूच बाजूला सारला. "पायलंय की मी," त्या म्हणाल्या. "तूच तर दाखवलंस." मग हसून म्हणाल्या, "तुझ्या या शहरात लई उजेड हाय बाई, डोळे दिपतात." आम्ही चिवडा खात बसलो. निघताना त्या कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या...

तेराव्याला मी त्यांच्याकडं मुक्कामाला राहिले. पाहुणे पांगले होते. दिवेलागण झाली तशी प्रमोदची बायको वैशाली बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिली, हात कडीवर. मला वाटलं, कुणी यायचं आहे. तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, "प्रमोद?" माडीवरून आवाज आला, "हाय." "नाना?" मागच्या खोलीत बाजेवर पडलेले नाना म्हणाले, "हाय गं." मग मुलांची नावं, एकेक करून. त्यांनीही ओ दिली. मी विचारलं तर ती म्हणाली, "आईंचं रोजचं होतं, मावशी. सगळ्यांनी हाय म्हटल्याबिगर कडी लावायच्या न्हाईत. मला सून म्हणून आल्यावर लई हसू यायचं. आता माझ्याकडून आपोआप होतंय."

एवढं बोलून ती पुन्हा दाराकडं वळली. हात कडीवर तसाच. नावं सगळी झाली होती, तरी ती थांबली होती, जणू अजून एकाचं राहिलंय आणि ते कसं घ्यावं कळत नाही. नानांनी आतून खाकरून घसा साफ केला. बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मग वैशाली किंचित वळून, मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर बसलेली असताना, म्हणाली, "विजूमावशी?"

"हाय," मी म्हटलं. "आत हाय मी."

तिनं कडी लावली.